बाबा कोणतं ऑइल घालायचे

उंद्रीच्या आमच्या घरात सगळ्यात आधी जाग यायची ती जीपला. बाबा अंगणात जाऊन चावी अर्धी फिरवून थांबायचे, कारण डिझेलची ती जुनी गाडी सुरू होण्याआधी तिला आतून थोडं तापावं लागे. तेवढ्या वेळात ते घसा खाकरून घ्यायचे आणि आई आत पहिली भाकर तव्यावर टाकायची. मग इंजिन कण्हायचं, पुन्हा कण्हायचं, एकदाचं धरायचं, आणि दाराची कडी, मांडणीवरची ताटं, खिडकीतला आरसा असं सगळं घर बारीक थरथरायला लागायचं. काळ्या धुराचा एक लोट आत येऊन चुलीच्या धुरात मिसळायचा. आई त्यावर रोज चिडायची. "भाकरीले डिझेलचा वास येते," म्हणायची. खरंच यायचा. लहानपणी मी मामाकडे वडनेर भोलजीला गेले की तिथली भाकर मला अळणी लागायची, ती त्यामुळेच असावी.

जीप बाबांनी सरकारी लिलावातून घेतली होती. कुठल्यातरी खात्यात तिनं अर्धी हयात काढलेली, मागच्या दाराच्या आतल्या अंगाला त्या खात्याचं खोडलेलं नाव अजून वाचता यायचं. उंद्री ते चिखली अशी सीट भरून बाबा फेऱ्या मारायचे, गुरुवारी शेगावला दर्शनाची माणसं न्यायचे, लग्नसराईत वऱ्हाडं. आमच्या बौद्धवाड्यातली ती पहिलीच गाडी. ज्यांच्या घरी माझ्या आजोबांना ओसरीच्या खाली उभं राहावं लागे, त्यांची नातवंडं आता बाबांच्या शेजारची सीट मिळावी म्हणून भांडायची. बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त अशी भांडणं लागली की ते उगीच काच पुसत बसायचे आणि लवकर मिटवायचे नाहीत.

जीपचं बाहेरचं सगळं गावाला माहीत होतं, पोटातलं मात्र एकट्या बाबांना. रविवारी सकाळी बॉनेट उघडून ते इंजिनातली लांब पट्टी ओढून काढायचे. ऑइल किती उरलं आहे ते या पट्टीवर दिसतं. पट्टी फडक्याला पुसायची, परत आत घालून काढायची, आणि मग उजव्या हाताचा अंगठा नि बोट तिच्यावरून फिरवून ते ऑइल बोटांत चोळत बसायचं. वास घ्यायचा. एकदा तर मी त्यांना ते जिभेला लावतानाही पाहिलं, आईला सांगितलं नाही. मग पत्र्याच्या एका चेपलेल्या डब्यातून अंदाजानं थोडं ऑइल वरून ओतायचं. गाडी म्हातारी झाली होती, ऑइल खायची. डबा मुळात वनस्पती तुपाचा, त्यावरचं चित्रसुद्धा घासून गेलेलं. त्यात ऑइल कुठून येतं, कोणतं येतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात डाळ कोणती आणायची हे जसं आईला माहीत, तसं ते बाबांना माहीत, एवढंच. माणूस जिवंत, धडधाकट, रोज समोर जेवायला बसणारा असताना अशा गोष्टी कोण विचारून ठेवतं?

गाडी चालवायला त्यांनीच मला शिकवलं. पोरगा नाही म्हणून पोरीला शिकवतो, असं लोक म्हणायचे. मला वाटतं, स्वतः चालवताना त्यांना इंजिनाचा आवाज मनासारखा ऐकू येत नसे, म्हणून शेजारी बसून ऐकायची सोय त्यांनी करून घेतली. मी गियर टाकायची आणि ते डोळे मिटून बसायचे. बुलढाण्याला स्वतःचं लायसन नवं करायला गेले तेव्हा माझंही काढून आणलं. आईनं कपाळावर हात मारला.

त्या वर्षी मी चिखलीच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. दुपारची वेळ. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, भाजीवर कच्च्या तेलाची धार आणि ठेचा असं आमचं जेवण चाललं होतं. बाबांच्या हातातून घास पडला. त्यांनी तो उचलला, परत पडला. ते माझ्याकडे बघून हसले, आणि ते हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. आई ओरडली. शेजारच्या बाया धावत आल्या, कोणी कांदा हुंगवा म्हणालं, कोणी पाय चोळा म्हणालं. बाबांना मागच्या सीटवर आईच्या मांडीवर टाकून मी जीप काढली. चिखलीच्या डॉक्टरनं बघितलं न बघितलं आणि "बुलढाण्याले न्या" म्हणाला. तो रस्ता मी कसा कापला ते मला आठवत नाही. आठवतो तो करपल्यासारखा वास, आणि आई मागून सारखी म्हणत होती ते, "हळू चालव माय," आणि लगेच, "अवं जल्दी चालव."

बाबा वाचले. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दवाखान्यात किती तरी दिवस ते नुसते छताकडे बघत होते. मग एका सकाळी आई त्यांना चहा पाजत असताना ते स्पष्ट म्हणाले, "बराबर." आई इतकी हरखली की कपबशी तशीच टाकून नर्सला बोलवायला पळाली. पण तेवढा एकच शब्द आला होता. पाणी पाहिजे, बराबर. लघवीला लागली, बराबर. चिडले तरी "बराबर!" आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी हळू आवाजात "बराबर, बराबर." मान हलवायचे तीही कशीही, होला आडवी, नाहीला उभी. डॉक्टर म्हणाले की त्यांना कळतं बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत, जो एक सापडला तोच तोंडात येतो. बरंचसं म्हणजे किती, हे मी विचारलं. ते सांगता येत नाही, म्हणाले.

घरी आलो तर जीप अंगणात उभी. बुलढाण्याहून मामानं ती दुसऱ्या गाडीला बांधून आणवली होती. चिखलीचे रशीदभाई मिस्त्री बघायला आले. बाबांची गाडी पहिल्यापासून तेच बघत, आणि बाबांच्या शेजारी बसून "सुखदेवभाऊ, सुखदेवभाऊ" करत रडले ते घरच्या माणसासारखे. मग तोंड धुऊन गाडीखाली शिरले. इंजिनाच्या तळाचा नट काढला तसं सगळं ऑइल घमेल्यात आलं, काळंकुट्ट आणि पाण्यासारखं पातळ. बोट बुडवून त्यांनी मला दाखवलं. "बेटी, त्या दिवशी गाडी लई तापली. हे ऑइल मेलं. याच्यात काही जान राह्यली नाही. पूरं नवं टाकल्याबिगर चावी लावू नको. नाहीतर इंजिन जाम."

"कोणतं टाकू?" मी विचारलं.

रशीदभाईंनी घमेलं बाजूला सरकवलं. "ते तं तुह्ये बाबाच टाकत होते," म्हणाले. "मी गाडी खोलत होतो, ऑइल त्याईच्या हातचं. मले हात लावू देत नव्हते."

बाबांचा तो चेपका डबा मी शोधला. तळाला थोडा काळसर चिकटा होता, त्यावर मुंग्या मरून पडलेल्या.

आता जीपवर आमचं घर चालायचं, त्यामुळे ती सुरू होणं भाग होतं. आणि इंजिन जाम झालं तर सगळंच संपलं. मी चिखलीला बसस्टँडजवळच्या ऑइलच्या दुकानात गेले. दुकानदार शेठ भला माणूस होता. त्यानं बाबांची विचारपूस केली, मला स्टुलावर बसवलं. बाबा कोणतं न्यायचे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "कवा हे, कवा ते. मंधात तं कई महिने आलेच नव्हते. दुसऱ्याकडून घेत असतील." मग त्यानं मला दोन डबे दाखवले. एक चाळीस नंबरचं ऑइल, सगळे जुने ड्रायव्हर घालतात ते. दुसरं नवीन आलेलं, वीस-चाळीस. ते थंड असताना वीस नंबरसारखं पातळ असतं, लगेच सगळीकडे पोचतं, आणि तापल्यावर चाळीस नंबरसारखं वागतं. "दोन्हीकडून फायदा. अन इंजिन आतून साफ करते," शेठ म्हणाला. मला पटलं.

तिथून रशीदभाईंच्या गॅरेजला गेले तर ते म्हणाले, "साफ करते हेच तं भेव आहे. जुन्या इंजिनात जो मळ बसला, त्याच्याच भरवशावर ते टिकून आहे. मळ निघाला का सगळीकून गळायले लागन." मला तेही पटलं. मग चाळीस नंबर टाकू? "टाक. पण थंडीच्या दिवसांत पहाटे ते घट्ट होते, वरपर्यंत चढेपर्यंत इंजिन कोरडं फिरते. जुन्या गाडीले तेबी बरं नाही." मग काय करू? रशीदभाईंनी हात पुसले, टोपी काढून डोकं खाजवलं. "खरं सांगू का बेटी, मले समजून नाही राह्यलं. दुसऱ्याची गाडी असती तं बिनधास्त काही सांगतलं असतं."

मामा वडनेरहून आला. तो एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा आणि त्याला सगळ्याचं सगळं माहीत असायचं. येताना तो मालकाच्या ड्रममधलं ट्रॅक्टरचं ऑइल एका बाटलीत घेऊनच आला. "डिझेल म्हंजे डिझेल," तो म्हणाला. "ट्रॅक्टर का, जीप का. ट्रॅक्टर तं नांगर ओढते. जे नांगर ओढते ते तुही जीप नाही ओढनार का?" आईलाही ते खरं वाटलं.

मी शिकलेली होते, म्हणून मग जीपच्या पुढच्या कप्प्यातलं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात ऑइलसाठी अख्खं पान होतं. बाहेर किती तापमान असेल तर कोणत्या नंबरचं ऑइल, असा तक्ता. पण आमच्याकडे माघात पहाटे हात काकडतात आणि वैशाखात दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नाही. तक्त्याप्रमाणे आम्ही तीन ठिकाणी बसत होतो. शिवाय ते सगळं नव्या इंजिनासाठी लिहिलेलं. एक मोठा इंग्रजी शब्द सारखा येत होता, तो कॉलेजातल्या शब्दकोशात पाहिला तर अर्थ दिला होता चिकटपणा. ऑइल चिकट असावं की नसावं? गुळगुळीत करायला घालतात ना ते? मी पुस्तक मिटलं. आज माझा मुलगा असलं काही अडलं की फोनला विचारतो. मागे मी गंमत म्हणून जुन्या डिझेल गाडीच्या ऑइलचं त्याला विचारायला लावलं. किती तरी माणसं एकामागून एक व्हिडिओत येऊन बोलली, सगळी खात्रीनं. मला चिखलीचं ते स्टूल आठवलं.

बाबांना आम्ही विचारलं नाही असं नाही. रोज विचारत होतो. "बाबा, चाळीस नंबर टाकत होते का तुमी?" "बराबर." मी खुश. आई म्हणायची, दुसरंही विचारून पाहा. "का वीस-चाळीस?" "बराबर." "ट्रॅक्टरचं?" "बराबर." मी शेवटी म्हणाले, "बाबा, गोडं तेल टाकत होते का?" त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली, तोंड वाकडं झालं, काहीतरी वर येत होतं आणि मध्येच अडकत होतं. मग त्यांनी डाव्या हातानं खाटेच्या माचव्यावर मारलं आणि ओरडले, "बराबर! बराबर!" मला रडू आलं. ते माझ्यावर चिडले होते, की शब्दावर, की मी बरोबर ओळखत असूनही मला कळत नव्हतं म्हणून, हे कसं समजायचं?

तेव्हा आई म्हणाली, "तोंडानं इचारू नका त्याईले. समोर ठेवा."

एका रविवारी सकाळी आम्ही बाबांची खाट अंगणात निंबाखाली आणली. शेठनं नमुन्यापुरतं दोन्ही ऑइल फुकट दिलं होतं, मामाची बाटली होतीच. आईनं तीन स्टीलच्या वाट्या घासून आणल्या, पाटावर ओळीनं मांडल्या आणि बाबांपुढे ठेवल्या, जेवायला वाढावं तशा. उन्हात तिन्ही ऑइलं मधासारखी चमकत होती. चाळीस नंबरचं जरा दाट, वीस-चाळीस जरा फिकं, ट्रॅक्टरचं तांबूस. रशीदभाई मुद्दाम आले होते. मामा होता. शेजारच्या बाया कुंपणाशी उभ्या होत्या.

बाबांनी वाट्यांकडे पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा कामाला निघालेल्या माणसासारखा झाला. पण त्यांनी डावा हात पुढे केला नाही. डाव्या हातानं त्यांनी आपला निर्जीव उजवा हात मनगटाशी धरून उचलला, आणि त्याची बोटं पहिल्या वाटीत बुडवली. मग डाव्या हातानंच उजव्याचा अंगठा धरून बोटावर घासायला लागले. ऑइल कोपरापर्यंत ओघळलं. ते वाट बघत होते. ज्या बोटांना सगळं कळायचं, ती बोटं काही सांगत नव्हती. त्यांनी दुसऱ्या वाटीत तसंच केलं. तिसऱ्या वाटीतही केलं. आईनं पदर तोंडाला लावला.

मग बाबांनी उजवा हात मांडीवर सोडून दिला. डाव्या हातानं त्यांनी चाळीस नंबरची वाटी उचलली आणि वीस-चाळीसच्या वाटीत ओतली. थोडं पाटावर सांडलं. मग ट्रॅक्टरची वाटी उचलली आणि तीही त्यातच ओतली. रिकाम्या वाट्या एकात एक घातल्या, पाट थोडा पुढे ढकलला आणि म्हणाले, "बराबर."

"पाहा!" मामा एकदम ओरडला. "मिसळून टाकत होते! म्हनूनच डब्यावर नाव नव्हतं!"

रशीदभाईंनी मान हलवली. "दो किसमका ऑइल कोई मिलाता क्या? सुखदेवभाऊ असं करनार नाहीत. हात घसरला त्याईचा."

"तिन्ही वेळा घसरला का बे?"

दोघांची जुंपली. कुंपणापलीकडच्या बायाही दोन बाजूंनी बोलायला लागल्या. मी बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा शांत होता, थकलेला, आणि ते माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात उत्तर होतं की नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी म्हणाले, "वीस-चाळीस टाकू." का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित ते ऑइल माझ्यासारखंच होतं म्हणून, सकाळी एक आणि दुपारी एक. रशीदभाई म्हणाले, "तुही गाडी आहे बेटी, तू म्हनशीन ते." माझी गाडी, असं पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं.

ऑइल भरलं. चावी अर्धी फिरवून मी थांबले. इंजिन कण्हलं, पुन्हा कण्हलं, आणि धरलं. घर थरथरलं. ऑइलचं प्रेशर दाखवणारा छोटा काटा चालकासमोर असतो, तो सरसर वर गेला. आई दारात उभी राहून हसत होती आणि रडत होती.

पहिल्या फेरीला सीट भरेनात. पोरगी चालवणार म्हटल्यावर लोक "येष्टीनं जातो" म्हणून बाजूला होऊ लागले. मग बाबांनीच हट्ट धरला, बराबर, बराबर म्हणत जीपकडे हात करत राहिले. रशीदभाईंनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, आईनं त्यांच्या अंगाभोवती शाल गुंडाळून ती सीटला बांधली. ते बसलेले बघून बाजारला निघालेली चार माणसं मागे चढली. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांपैकी एक तुकारामअण्णा होते, तेही चढले.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक होतं. मग चढ लागला, ऊन वर आलं होतं, इंजिन तापलं. चढ संपल्यावर गुरांचा कळप आडवा आला म्हणून मी गाडी थांबवली, आणि समोर पाहिलं तर काटा पडत होता. हळूहळू खाली, शून्याकडे. काटा शून्यावर म्हणजे इंजिनात ऑइल फिरत नाही, आणि ऑइल फिरत नाही म्हणजे काही क्षणांत सगळं आत वितळून एक होणार. वीस-चाळीस! पातळ पडलं! चाळीस नंबरच टाकायला पाहिजे होतं, नाहीतर ट्रॅक्टरचं, नाहीतर तिन्ही. इंजिन बंद करू की ठेवू? बंद केलं तर बाजारला निघालेल्या माणसांना काय सांगू?

"काय झालं व माय?" अण्णांनी मागून विचारलं.

बाबा पुढे वाकले. शालीतून डावा हात सोडवून घेतला, काट्याच्या काचेवर बोट टेकवलं आणि टिचकी मारली. काटा टुणकन वर उडाला. काटा परत हळूहळू उतरायला लागला, बाबांनी परत टिचकी मारली, तो परत वर. म्हणजे ते यंत्रच अडकत होतं, कधीपासून कोण जाणे. बाबांना हसू फुटलं. अर्ध्या तोंडाचं, लाळ ओघळणारं, पण खदखदून. मागची माणसं काही न कळता हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं की काटा अडकतो म्हणून खाली दिसतो, की अडकतो म्हणून वर दिसतो, हे टिचकीवरून ठरत नाही. अंगणात तो सरसर वर गेला तोही खरा होता का? मी बाबांना विचारणार होते, पण गुरं गेली होती आणि मागून एक ट्रक भोंगा वाजवत होता. मी गियर टाकला.

पुढची काही वर्षं मी ती जीप चालवली, शिक्षिकेची नोकरी लागेपर्यंत. शेगावच्या गुरुवारच्या फेऱ्याही केल्या. दर्शनाला आलेल्या बाया मला प्रसादाचे दोन पुडे जास्त द्यायच्या. ऑइल नेहमी वीस-चाळीसच घातलं, बदलायची हिंमत झाली नाही. काही ठिकाणी गळायला लागलं, रशीदभाई म्हणाले होते तसं. पहाटे गाडी पटकन धरायची, शेठ म्हणाला होता तसं. पुढे इंजिन खोलायची वेळ आली तेव्हा रशीदभाईंनी आतले भाग उन्हात फडक्यावर मांडले, एकेक उचलून पाहिला, आणि मी काय ऐकायला उभी आहे ते त्यांना ठाऊक होतं. "खराब आहे असंबी नाही," ते म्हणाले, "अन चांगलं आहे असंबी नाही. एवढ्या वर्षांत कोनत्याबी ऑइलनं एवढं तं झालंच असतं." बाबांना नंतर आणखी थोडे शब्द आले. चहा, ऊन, माझं नाव. ऑइल हा शब्द आला नाही. ते गेले त्यानंतर जीप फार दिवस ठेवली नाही.

आई मात्र पुष्कळ जगली. शेवटची वर्षं चिखलीत माझ्याकडे होती. एकदा दुपारी आम्ही दोघी जेवत होतो आणि बोलता बोलता त्या रविवारचा विषय निघाला. मी म्हणाले, बाबांनी त्या वाट्या का मिसळल्या ते मला अजून कळलं नाही. मामाचं खरं होतं की रशीदभाईंचं, कोण जाणे. आई भाकर मोडत होती. तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं.

"त्याच्यात काय समजायचं? त्याईचं जेवन झालं का ते अशेच करत. उरलंसुरलं एका वाटीत ओतत, रिकाम्या वाट्या एकात एक घालत, अन पाट सरकवून देत. माह्यं झालं, आता तुमी पाहा, असं."

मी घास ताटात ठेवला. "मंग तवाच काऊन नाही सांगतलं तू?"

"मले कोनं इचारलं?" आई म्हणाली. "तुमी सगळे तं ऑइलचंच इचारून राह्यले व्हते."